अपेक्षा : अनुरूप

वसईजवळच्या आमच्या कामणला गणपतीत जागरणाचा क्रम ठरलेला आहे. आधी आरत्या, मग भजन, मग भजन न येणाऱ्यांचे पत्ते आणि रात्री दीडच्या पुढे, सगळ्यांचेच आवाज बसल्यावर, टीव्हीवर हिंदी सिनेमा. कुठला लावायचा हे लोकशाहीने ठरत नाही. रिमोट ज्याच्या मांडीखाली सापडतो त्याचं सरकार. एका गणपतीत तो एका आत्याच्या मांडीखाली निघाला आणि 'लेडीज व्हर्सेस रिकी बहल' सुरू झाला.

सिनेमा २०११ चा. दिग्दर्शक मनीष शर्मा, नायक रणवीर सिंग. गोष्ट अशी, की हा रिकी गावोगाव नाव बदलून फिरतो, दर गावात एका मुलीला प्रेमात पाडतो आणि तिचे पैसे घेऊन नाहीसा होतो. दिल्लीत तो व्यायाम शिकवतो, मुंबईत चित्रांचा जाणकार होतो, लखनौत कापडाच्या धंद्यात शिरतो. बुडालेल्या तिघी एकत्र येतात आणि त्याला बुडवण्यासाठी चौथीला, माल खपवण्यात तरबेज असलेल्या इशिकाला, गोव्यात पाठवतात. पुढचं न बघताही सांगता येतं. चौथी त्याच्या आणि तो चौथीच्या खऱ्याखुऱ्या प्रेमात पडतो आणि सगळ्यांचे पैसे परत मिळतात.

सिनेमापेक्षा बघण्यासारख्या होत्या त्या तो बघणाऱ्या बायका. रिकीचा राग त्यांतल्या एकीलाही आला नाही. पहिली मुलगी बुडाली तेव्हा एक काकू म्हणाल्या, "पोरगा कामसू आहे हो. प्रत्येक गावात नवीन काम शिकतो. आमचा एका कंपनीत सहा महिने टिकत नाही." दुसरी बुडाली तेव्हा मामींनी मुलीकडचा दोष काढला, "आईबाप दाखवले नाहीत तिथेच समजायला पाहिजे होतं." ही दुसरी म्हणजे मुंबईची रैना परुळेकर. परुळेकर म्हटल्यावर खोलीत थोडी हळहळ झाली, कारण आपल्यातली. एम. एफ. हुसेन यांचं म्हणून खोटं चित्र तिच्या गळ्यात मारलं जातं, तेव्हा मात्र हळहळ संपली. "भिंतीला लावायच्या कागदाला एवढे पैसे? मग बरोबर आहे!" शेवटी रिकीने पैसे परत केले तेव्हा आत्यांनी रिमोट खाली ठेवून निकाल दिला, "चांगल्या घरचा असणार. आमच्या भिशीवाल्याने एवढंसुद्धा नाही केलं."

पहाटे चारला माझ्या ध्यानात आलं, की हे कुणी सिनेमा बघतच नव्हतं. इथे स्थळ बघणं चाललं होतं.

हिंदी सिनेमातल्या प्रेमळ ठगाची घडणच स्थळासारखी असते. तो देखणा असतो, इंग्रजी बोलतो, स्वयंपाकघरात लुडबुड करतो, मुलीच्या वडिलांशी आदराने वागतो आणि त्याच्या आईचा पत्ता नसतो. विवाह मंडळाच्या वहीत अशा गुणांचा मुलगा दहा वर्षांत एकदा येतो आणि तोही आदल्याच दिवशी ठरून गेलेला असतो. म्हणून सिनेमाला एक अट घालून घ्यावी लागते, की असा मुलगा शेवटी सुधारलाच पाहिजे. प्रेक्षकांतल्या आत्यांनी एवढं मनावर घेतलेलं स्थळ तुरुंगात पाठवायचं म्हणजे धंदा बसला. सुधारण्याची जागा गोवा. हिंदी सिनेमातली माणसं गोव्यात जाऊन बिघडतात तरी किंवा सुधारतात तरी. आमच्याकडची माणसं गोव्याहून काजू आणि आणखी काय काय घेऊन येतात आणि होती तशीच राहतात.

मुलींच्या बाजूनेही हा ठगीचा धंदा पडद्यावर झाला आहे. २०१५ च्या 'डॉली की डोली'मध्ये सोनम कपूर लग्न लावते, पहिल्या रात्री सासरच्यांना गुंगीचं औषध देते आणि घर साफ करून निघून जाते. हीच सोनम कपूर पुढच्या वर्षी आलेल्या कोल्डप्लेच्या गाण्याच्या चित्रफितीत क्षणभर दिसली आणि त्या चित्रफितीचा काही भाग आपल्या वसईच्या किल्ल्यात चित्रित झाला. म्हणजे डॉलीची टोळी जवळजवळ वसईपर्यंत येऊन पोहोचली होती. कामणला आली नाही. कारण लुटीचा माल घेऊन रातोरात पसार व्हायला रस्ता लागतो. चिंचोटी-कामण-भिवंडी रस्त्यावर कंटेनरच्या रांगेत, खड्डा चुकवत, पसार होणाऱ्याला सासरचे लोक सकाळी उठून, चहा घेऊन, चालत जाऊन गाठू शकतात. रेल्वेने पळायचं म्हटलं तर कामण रोड स्टेशन आहे, वसई-दिवा मार्गावर. गाड्या दिवसातून मोजक्या. फलाटावर गाडीची वाट बघत दागिन्यांची पिशवी सांभाळत बसलेल्या नवरीला तेवढ्या वेळात दोन ओळखीचे भेटतात आणि त्यांतला एक नक्की विचारतो, "माहेरी चाललीस का गं?"

दुसरं कारण हळदीचं. आमच्या पट्ट्यात लग्न एक दिवसाचं असतं आणि हळद गावाची असते. मांडव, डीजे, मटण, पाहुणे, पाहुण्यांनी आणलेले पाहुणे. एखादा ठग जावई व्हायचं म्हणून हळदीला बसलाच, तर पहाटेपर्यंत तोच लुटला जाईल आणि सकाळी कॅटरर त्याला शोधत फिरेल.

मराठी माणसाने हा विषय रिकीच्या जवळजवळ पन्नास वर्षं आधी हाताळला होता आणि फार वेगळ्या वळणाने. ८ ऑक्टोबर १९६२ ला दिल्लीत आचार्य अत्र्यांच्या 'तो मी नव्हेच'चा पहिला प्रयोग झाला. माधव काझी नावाच्या, बायकांना लग्नाच्या नावाखाली फसवणाऱ्या माणसाच्या खऱ्या प्रकरणावरून अत्र्यांनी ते लिहिलं. निपाणीचा तंबाखूचा व्यापारी लखोबा लोखंडे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा आहे आणि त्याने वेगवेगळ्या नावांनी फसवलेली माणसं एकामागून एक साक्षीला येताहेत. प्रभाकर पणशीकर त्यात पाच रूपांत वावरायचे आणि दृश्यं झटपट बदलावीत म्हणून रंगमंच फिरता ठेवला होता. ठग एका गावातून दुसऱ्या गावात जातो, नाटकात गावंच त्याच्याकडे फिरून येत.

रिकी आणि लखोबा शेजारी उभे केले की दोन संस्कृतींमधला फरक कळतो. हिंदी ठग शेवटी कबुली देतो, रडतो, पैसे परत करतो आणि नायिका मिळवतो. मराठी ठग शेवटपर्यंत ओळखच देत नाही. समोर बायका, सासरे, कागदपत्रं, सह्या सगळं असलं तरी तो शांतपणे सगळ्याला नाही म्हणतो. हा बाणा आपल्या इतका अंगवळणी पडला, की पुढे निवडणुकीला उभं राहणाऱ्यांपासून सोसायटीच्या खजिनदारापर्यंत सगळ्यांनी तो उचलला. पश्चात्ताप ही आपल्याकडे खर्चिक बाब मानली जाते. इन्कार फुकट असतो.

आणि मराठी माणूस फसवतो तरी कशासाठी? १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'त चार तरुण पुण्यात एवढा बनाव रचतात, दोघं साड्या नेसून बायका होतात, ते कशासाठी? भाड्याच्या खोलीसाठी! मालकीणबाई फक्त जोडप्यांना जागा देतात, म्हणून. जगभरातले प्रेमातले ठग हिऱ्यांसाठी, इस्टेटीसाठी, तैलचित्रांसाठी खोटं बोलतात. आपले नायक संडास-बाथरूमसह जागेसाठी बोलतात आणि प्रेम वरकड म्हणून मिळतं. मुंबईत न परवडणारी जागा मिळावी म्हणून वसईच्या पलीकडे येऊन राहिलेल्या कुणालाही हा गुन्हा वाटत नाही. ती गरज वाटते.

लग्नाच्या बाजारात आपण सगळे थोडेफार 'बनवाबनवी'तले धनंजय माने असतो. बायोडाटा काढून बघा. कामणचा मुलगा बायोडाट्यात क्वचितच कामणला राहतो. ठाण्याच्या स्थळाला तो 'वसई' लिहितो, साताऱ्याच्या स्थळाला 'मुंबई', आणि जळगावच्या स्थळाला 'मुंबई (पश्चिम)'. मुलीकडचे पहिल्यांदा घर बघायला येतात तेव्हा चिंचोटी फाट्यापासून पुढे त्यांच्या चेहऱ्यावर ही पश्चिम हळूहळू मावळताना दिसते. गाळ्यात दोन कामगारांवर देखरेख करणारा 'प्रॉडक्शन मॅनेजर' असतो. गोदामात नोंदवही ठेवणारा 'लॉजिस्टिक्स'मध्ये असतो. चुलत्यांशी वाद चालू असलेली जमीन 'वडिलोपार्जित' असते आणि विरार-अलिबाग कॉरिडॉर आखला तसा, सांगणाऱ्यांच्या मते, तो प्रत्येकाच्याच शेतातून जाणार असतो. सगळ्यांच्या सांगण्यावर विश्वास ठेवला तर तो रस्ता नागमोडी होऊन परत विरारलाच निघेल.

मुलीच्या बायोडाट्यातही कमी हिकमत नसते. 'गहूवर्णी' या रंगात सगळे गहू बसतात, खपलीसुद्धा. 'स्वयंपाकाची आवड' असते. स्वयंपाक कुणाचा ते लिहिलेलं नसतं. पोहे आईने केलेले असतात, ट्रे शेजारच्या वहिनींचा, सोफ्यावरचं कव्हर दुपारीच प्लास्टिकमधून निघालेलं. मुलाकडचे ज्या गाडीतून उतरतात ती मेव्हण्याच्या मित्राची असते, म्हणून सगळे उतरताना दार फार हळू लावतात. मग दोन्हीकडचे तासभर एकमेकांचे गैरसमज जपत बसतात. "मुलाला व्यसन वगैरे?" "छे! सुपारीचं खांडसुद्धा नाही." त्याच वेळी नाक्यावरचा पानवाला सांगत असतो, की मुलगा फार सज्जन आहे, उधारी महिन्याच्या महिन्याला देतो.

चौकशीचाही कडेकोट बंदोबस्त असतो, तरी माणसं फसतात. आपण गोत्र बघतो, नाडी बघतो, देवक विचारतो, मामेकुळापर्यंत जातो. छत्तीस गुणांपैकी अठरा जुळले नाहीत तर पाऊल उचलत नाही. आणि एक दिवस बातमी येते. २०२४ च्या जुलैत मीरा-भाईंदर वसई-विरार पोलिसांनी कल्याणहून एका त्रेचाळीस वर्षांच्या माणसाला पकडलं. तक्रार होती आपल्या नालासोपाऱ्यातल्या एका बाईंची. विवाहाच्या संकेतस्थळांवरून घटस्फोटित आणि विधवा बायकांशी ओळख काढायची, लग्न करायचं आणि पैसे, वस्तू घेऊन निघून जायचं, हा त्याचा उद्योग असल्याचं पोलिसांचं म्हणणं. अशा बायका वीसपेक्षा जास्त होत्या, असंही पोलीस म्हणाले.

गावात ही बातमी मोठ्याने वाचली गेली आणि पुरुषमंडळींचा पहिला प्रश्न होता, "वीस? याला सुट्ट्या किती मिळतात?" दुसरा प्रश्न, "दिसायला कसा आहे?" फोटो बघून सगळे आणखी बुचकळ्यात पडले. रणवीर सिंगशी दूरचंही नातं नव्हतं. आपल्यासारखाच दिसणारा माणूस! एकाला एक बायको सांभाळताना फेस येतो आणि हा विसांकडे... पुढचं वाक्य कुणी पुरं केलं नाही, कारण वहिनी चहा घेऊन आल्या. चहा ठेवता ठेवता वहिनींनी मात्र पुरं केलं, "गोड बोलत असेल. तुम्ही कधी करून बघितलंय?"

चहाचे कप तसेच राहिले. वहिनींनी गुन्हे शाखेला जमणार नाही एवढ्या थोडक्यात तपास संपवला होता.

त्यावर मी बराच विचार केला आहे. आपला बायोडाटा बाजारात फिरतो तेव्हा तो किती जण वाचतात? मुलाची आई फोटो बघते. वडील पगार बघतात. आजी पत्रिका मागते. मामा आडनावावरून गाव काढतो आणि त्या गावात आपलं कोण, ते आठवत बसतो. मुलगा फोटो मोठा करून बघतो. शेवटची ओळ, 'अपेक्षा', कुणीच वाचत नाही. वाचण्यासारखं तिथे काही नसतं हेही खरं. सगळे 'अनुरूप' असं लिहून मोकळे होतात. ती ओळ वाचणारा अख्ख्या बाजारात एकच माणूस असतो, तो ठग. तोच विचारतो, "अनुरूप म्हणजे तुम्हाला नक्की काय हवंय?" आणि उत्तर मिळेपर्यंत थांबतो.

घटस्फोटित बाईला नातेवाइकांनी आजवर विचारलेलं असतं, "काय झालं होतं नक्की?" विधवेला विचारलेलं असतं, "पेन्शन किती मिळते?" हा विचारतो, "जेवलात का?" त्याच्या पोटात काय आहे ते पोलीस नंतर शोधतात. पण वर्षानुवर्षांत तेवढं विचारणारा तो पहिला निघाला, ही लाज त्या बाईंची नव्हे. ती आम्हा सज्जनांची. आम्ही सज्जन म्हणजे प्रामाणिकपणे न ऐकणारी माणसं.

मुलांच्या बाजूला तर ऐकायलाच कुणी उरलेलं नाही. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात हजार पुरुषांमागे ९२९ स्त्रिया होत्या आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत हजार मुलग्यांमागे ८९४ मुली. तेव्हाची ती मुलं आता लग्नाची होत आली. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्न न जुळणाऱ्या तरुणांनी मुंडावळ्या बांधून, काहींनी घोड्यावर बसून, वाजतगाजत जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला. मागणी होती, गर्भलिंगनिदानाविरुद्धचा कायदा नीट राबवा. म्हणजे बापांच्या पिढीने जे केलं त्याची वरात मुलांनी काढली. वऱ्हाड, घोडा, बँड सगळं तयार, फक्त मुलगी तेवढी जिल्हाधिकाऱ्यांनी बघायची बाकी होती. इतक्या आतुर बाजारात 'लांबच्या जिल्ह्यातली मुलगी आहे, गरीब घरची आहे, खर्च तेवढा मुलाकडच्यांनी करायचा' असं म्हणत एखादा मध्यस्थ आला, की पत्रिका बघणारं घरही पत्रिका मागायला विसरतं. चार दिवसांनी नवरी आणि कपाटातलं सोनं एकदमच दिसेनासं होतं आणि मध्यस्थाचा फोन आवाक्याबाहेर जातो.

कायद्याने यात आपल्या परीने गोंधळ वाढवून ठेवला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि फसवणुकीचं जगप्रसिद्ध कलम ४२० जाऊन ३१८ आलं. त्या नंबराची पुण्याई मोठी होती. राज कपूरने १९५५ मध्ये त्यावरून सिनेमाचं नाव ठेवलं, आमच्या आजीला बाकी एकही कलम माहीत नव्हतं पण 'चारशेवीस' ती दूधवाल्यापासून जावयापर्यंत योग्य जागी वापरायची. आता कुणाला 'तू तीनशे अठरा आहेस' म्हटलं, तर तो खोलीचा नंबर समजेल. तोतयेगिरीला त्याच्या शेजारचं ३१९ कलम आहे. आणि सायबर फसवणूक झाली तर १९३० वर फोन करायचा. हा आकडा मात्र प्रत्येकाने पाठ करावा. त्यात विनोद नाही.

बाकी खबरदारीचा उपाय आमच्या आत्यांकडे आहे आणि तो मला पोलिसांच्या सूचनांपेक्षा जास्त खात्रीचा वाटतो. आत्यांनी उभ्या आयुष्यात बरीच लग्नं जुळवली, काही मोडली आणि एक-दोन दुरुस्त केली. त्यांचं म्हणणं असं, की ठगाकडे सगळं असतं. कागद असतात, फोटो असतात, पगाराची चिठ्ठी असते. आईबाप भाड्याने मिळतात. 'डॉली की डोली'त तर टोळीच आजीसकट कुटुंब बनून येते. त्यामुळे या गोष्टींनी काही सिद्ध होत नाही.

"मग ओळखायचं कसं?"

"रुसायला कोण आलंय ते बघायचं," आत्या म्हणाल्या. "खऱ्या स्थळाबरोबर एक तरी रुसणारा माणूस येतोच. त्याला टोपी द्यायची राहिलेली असते, नाहीतर पानात वरण उशिरा पडलेलं असतं. खरी विहीण दहा माणसांत साडीचा पोत बघते. खरा काका जेवण झाल्यावर सांगतो, की आमच्याकडे ही पद्धत नाही. हे सगळं फुकट करतात. भाड्याने आणलेला माणूस फुकट कशाला रुसेल? त्याला गाडी पकडायची असते."

मला हे पटलं. रिकीवर कुणी संशय घेतला नाही, कारण त्याचं सगळंच चांगलं होतं, आणि तोच पुरावा होता. यापुढे मुलाकडचे बैठकीत सगळ्याला हो म्हणाले, मानपानाबद्दल चकार शब्द काढला नाही, पोहे मागून घेतले आणि कोपऱ्यातल्या म्हाताऱ्याने नाक मुरडलं नाही, तर पाहुण्यांना हसून निरोप द्यावा, दार लावावं आणि आधी कपाटाची किल्ली कुठे आहे ते बघावं. आणि जाता जाता त्यांच्यातल्या कुणी, आमच्या गाडीला रस्ता नीट सांगितला नाही म्हणून, फाट्यापर्यंत ऐकू जाईल अशी कुरकूर केली, तर साखरपुड्याची तारीख काढायला हरकत नाही. माणसं अस्सल आहेत.